पेपर शोधणाऱ्या एजंटच्या टूल्सची डिस्क्रिप्शन्स तपासायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की संशोधन-पेपर शोधून देणारा एजंट (म्हणजे दिलेली टूल्स स्वतः निवडून वापरणारं एआय) तुम्ही बनवलाय, त्याला पाच टूल्स दिलीयेत (आर्काइव्ह म्हणजे प्रीप्रिंटच्या संग्रहात शोध, पबमेड म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या संग्रहात शोध, सिमँटिक स्कॉलर या सर्व विषयांच्या पेपर-शोध सेवेत शोध, आयडीवरून तपशील आणि पीडीएफचा मजकूर), पाचांचीही डिस्क्रिप्शन्स (टूल काय करतं हे एजंटला सांगणारा मजकूर) दोनदा नव्याने लिहिली, एका मोठ्या भाषा-मॉडेलकडून त्यांना दहापैकी मार्क घेतले, सगळ्यांना नऊच्या आसपास मिळाले, आणि तरी एजंट औषधांचे प्रश्न घेऊन आर्काइव्हवर जातोय. मग डिस्क्रिप्शन चांगलंय की नाही हे ठरवायचं कशावरून?

मी आधी बरीच वर्षं सर्च सिस्टिम्सवर काम केलं आणि आता एजंट्सवर करतोय, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. ते मार्क बाजूला ठेवा. वाचून मार्क देणारं मॉडेल काय बघतं, तर मजकूर व्यवस्थित आहे का, पॅरामीटर्स (टूल वापरताना भरायच्या गोष्टी) समजावलेत का, उदाहरण आहे का. पण तुमच्या एजंटपुढे त्या क्षणी प्रश्न वेगळाच असतो, पाच टूल्स समोर आहेत, युजरने काहीतरी अर्धवट विचारलंय, आता यातलं कुठलं उचलू आणि त्यात काय भरू. हे एकेक डिस्क्रिप्शन सुटं वाचून कळणारच नाही. मार्कांचा उपयोग एवढाच की एखादा पॅरामीटर समजावायचा राहून गेला असेल तर तो सापडतो, तेवढं करून घ्या आणि पुढे व्हा.

टूलबद्दल मॉडेलला नेमकं काय दिसतं ते आधी डोक्यात पक्कं करा. टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटर्सचा स्कीमा (कुठला पॅरामीटर कुठल्या प्रकारचा याचा आराखडा), बस. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत) आणलं त्यातही मॉडेल निवड करतं ती मुख्यतः याच तीन गोष्टींवरून. तुमचा कोड, तुमचं विकी, टीममधल्या कुणाला तरी माहीत असलेली खुबी, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि पाचही टूल्सचं सगळं एकदम समोर असतं, त्यामुळे आर्काइव्हच्या डिस्क्रिप्शनमध्ये तुम्ही "सर्व विषयांचे शोधनिबंध शोधा" असं लिहिलंत की पबमेडचं कितीही सुंदर लिहा, त्याचं गिऱ्हाईक शेजाऱ्याने पळवलं. तुमची औषधांची अडचण बहुतेक इथेच आहे. पबमेडचं डिस्क्रिप्शन दोनदा सुधारलंत, पण दोष आर्काइव्हच्या डिस्क्रिप्शनमध्ये असणार. म्हणून तपासायचं ते अख्खा संच म्हणून तपासायचं.

आता मोजायचं कसं. सर्चच्या जगात याचं उत्तर फार जुनं आहे. इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्डला सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात विमानशास्त्राचे १४०० निबंध आणि २२५ प्रश्न घेतले, कुठल्या प्रश्नाला कुठले निबंध लागू पडतात हे माणसांकडून ठरवून घेतलं, आणि मग वेगवेगळ्या पद्धती त्याच प्रश्नांवर पडताळल्या. तुम्हालाही तेच करायचंय, फक्त पद्धतीच्या जागी डिस्क्रिप्शनची आवृत्ती. मॉडेल तेच, सिस्टिम प्रॉम्प्ट (एजंटला दिलेल्या कायमच्या सूचना) तोच, टूलचा कोड तोच, बदलायचं फक्त डिस्क्रिप्शन, आणि शक्यतो एका वेळी एकच वाक्य. हे बोअरिंग वाटतं, पण एकदम सगळं बदललं की सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही, आणि महिन्याभराने कुणीतरी नेमकं तेच कामाचं वाक्य "जरा लांब वाटतंय" म्हणून काढून टाकतं.

प्रश्न कुठून आणायचे यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बहुतेक टीम्स पेपरचा अॅबस्ट्रॅक्ट (सारांश) मॉडेलला देतात आणि म्हणतात यावर प्रश्न बनव. हे करू नका, किंवा करायचंच असेल तर फक्त सुरुवातीला करा, कारण असा प्रश्न अॅबस्ट्रॅक्टमधलेच शब्द घेऊन येतो आणि मग कुठलंही डिस्क्रिप्शन लावा, पेपर सापडतोच. खरा माणूस असं विचारत नाही. तो विचारतो "ते अॅटेन्शनवालं २०१७ चं गूगलचं काहीतरी होतं ना, ते दे". किंवा "सरांनी सांगितलेला तो पेपर, पहिला लेखक कुलकर्णी, इनिशियल बहुतेक ए". आता ए. कुलकर्णी किती असतील सांगा! इथे एजंटने नुसतं लेखकाचं नाव टाकून पहिला निकाल उचलला की चूक, विषय जोडून शोधला किंवा उलट विचारलं की बरोबर. असे प्रश्न लॉगमधून (वापराच्या जुन्या नोंदींतून) उचला, लॉग नसेल तर संशोधन करणाऱ्या चार-पाच जणांना बसवून त्यांनी गेल्या महिन्यात खरंच काय शोधलं ते विचारा.

प्रश्नांचं मिश्रणही बघा. एक ठरावीक पेपर हवाय असे, विषयावरचे पेपर हवेत असे, आयडी दिलाय असे, तारखेची किंवा लेखकाची अट आहे असे. त्यात दोन प्रकार लोक हमखास विसरतात: ज्याला टूल लागतच नाही असे प्रश्न ("पी-व्हॅल्यू म्हणजे काय"), आणि ज्याचा पेपर अस्तित्वातच नाही असे. या दुसऱ्या प्रकाराकडे पुढे परत येतो, तो फार महत्त्वाचा आहे.

तुमचे युजर मराठीतून विचारणारे असतील तर तेही प्रश्न घाला. "मराठी ट्विट्सच्या भावना ओळखायचा डेटासेट आहे का कुठे" याचं उत्तर आर्काइव्हवर आहे, पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचा महासेंट, २०२१ चा. पण एजंटने क्वेरी (शोधायचे शब्द) देवनागरीतच पाठवली तर काही हाती लागत नाही, कारण तिथली शीर्षकं आणि अॅबस्ट्रॅक्ट इंग्रजीत असतात. डिस्क्रिप्शनमध्ये एक वाक्य, "प्रश्न कुठल्याही भाषेत असो, क्वेरी इंग्रजी पारिभाषिक शब्दांत करावी", आणि चाचणीत असे दहा-पंधरा प्रश्न. हे वाक्य लावून आणि काढून चालवलं की त्याचा उपयोग होतोय का ते दिसतं.

निकाल मोजताना नुसतं "उत्तर बरोबर की चूक" मोजू नका, त्याने काहीच कळत नाही. चार ठिकाणी मोजा: टूल बरोबर निवडलं का, त्यात भरलेल्या गोष्टी बरोबर होत्या का, हवा तो पेपर निकालांत आला का, आणि आलेला पेपर शेवटच्या उत्तरात नीट पोचला का. सोबत किती कॉल्स झाले तेही लिहून ठेवा. एकाच पेपरसाठी एजंट सात वेळा क्वेरी बदलून शोधत असेल तर शेवटी सापडला तरी डिस्क्रिप्शनमध्ये काहीतरी राहिलंय. टूल निवडण्याबाबत थोडं सैल राहा, बऱ्याच पेपरांना दोन वाटांनी पोचता येतं, तुम्ही एकच वाट "बरोबर" धरलीत तर शहाण्या एजंटला उगाच नापास कराल.

भरलेल्या गोष्टींत, म्हणजे आर्ग्युमेंट्समध्ये, खरी गंमत आहे आणि इथेच विषयाची माहिती लागते. आर्काइव्हच्या एपीआयला (प्रोग्रॅममधून शोधायच्या सोयीला) दोन-तीन शब्दांचा वाक्प्रचार अवतरणचिन्हांत दिला तर तो सलग शोधला जातो, नाही दिला तर शब्द सुटे होतात आणि निकाल भरकटतात. पबमेडचं बरोबर उलटं. तिथे साधं हार्ट अटॅक टाकलं की पबमेड स्वतःच ते मायोकार्डिअल इन्फार्क्शन या ठरलेल्या वैद्यकीय शब्दाशी जोडून शोधतं, आणि अवतरणचिन्हं लावली की हे जोडणंच बंद पडतं, बरेच पेपर हातचे जातात. म्हणजे एका टूलला "अवतरणचिन्हं लावा" आणि दुसऱ्याला "शक्यतो लावू नका" असं सांगावं लागतं. तुम्ही पाचही डिस्क्रिप्शन्स एकाच साच्यातून काढली असतील तर ही गोष्ट सुटलीच म्हणून समजा.

तारखांचंही तसंच. आर्काइव्हवर पहिल्यांदा सबमिट केल्याची तारीख वेगळी आणि शेवटच्या बदलाची वेगळी. तो २०१७ चा अटेन्शन इज ऑल यू नीड घ्या, पहिली आवृत्ती जून २०१७ ची, पण सातवी आवृत्ती ऑगस्ट २०२३ मध्ये चढवलेली. निकालात "तारीख" म्हणून नुसती अपडेटची तारीख दिलीत तर एजंट युजरला तोंडावर सांगतो की हा २०२३ चा पेपर आहे, आणि "२०१८ च्या आधीचे" अशी अट असेल तर तो पेपर गाळून टाकतो. चाचणीत हा प्रश्न जरूर ठेवा. आणि अजून एक, मॉडेलला क्वेरीतच "रीसेंट" किंवा चालू वर्ष घुसवायची फार सवय असते, मग ते शब्द पेपरच्या मजकुरात शोधले जातात. "तारखेची अट क्वेरीत लिहू नका, तिच्यासाठी वेगळा पॅरामीटर आहे" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक शोध-टूलमध्ये घालतो आणि घातल्यावर क्वेरीत किती वेळा वर्ष आलं ते मोजतो. मोजायला सोपं आहे, साधी स्क्रिप्ट पुरते.

आयडी हा तर स्वतंत्र विषय. आर्काइव्हचे मार्च २००७ पर्यंतचे आयडी विषयाच्या नावासकट, गणितज्ञ पेरेलमनचा तो प्रसिद्ध पेपर मॅथ/०२१११५९ असा. एप्रिल २००७ पासून वर्ष-महिना, टिंब आणि चार आकडे, जानेवारी २०१५ पासून पाच आकडे. कुणी स्कीमात पाच आकड्यांचाच पॅटर्न लावला की जुने सगळे पेपर बाहेर, आणि एजंट बिचारा तोच आयडी तीन-तीन वेळा फिरवून बघतो. त्याहून वाईट म्हणजे आयडीचा प्रकार नंबर ठेवणं. अॅडम ऑप्टिमायझरचा (मॉडेल शिकवायच्या एका पद्धतीचा) पेपर १४१२.६९८० आहे, नंबर म्हणून पाठवलात की शेवटचं शून्य गळतं आणि १४१२.६९८ उरतं, म्हणजे पेपरच नाही. हे मी स्वतः एका प्रोजेक्टमध्ये केलंय आणि दोन दिवस आम्ही डिस्क्रिप्शनचीच वाक्यं घासत बसलो होतो. स्कीमा हाही डिस्क्रिप्शनचाच भाग आहे, दोन्ही एकत्र तपासा. पबमेडकडे पीएमआयडी (पबमेडमधल्या नोंदीचा) आणि पीएमसीआयडी (पबमेड सेंट्रलमधल्या पूर्ण मजकुराचा) हे दोन वेगळे क्रमांक आहेत, त्यांचीही अदलाबदल होते, प्रत्येकी दोन-दोन प्रश्न ठेवले तरी उघडं पडतं.

पण सगळं डिस्क्रिप्शनने सुटेल असं धरू नका, हे मी कळकळीने सांगतोय. सिमँटिक स्कॉलरच्या शोधात तुम्ही कुठली फील्ड्स (माहितीचे रकाने) हवीत ते सांगितलं नाही तर फक्त पेपरचा आयडी आणि शीर्षक येतं. यावर "फील्ड्समध्ये अॅबस्ट्रॅक्ट, वर्ष, लेखक नक्की मागा" असं डिस्क्रिप्शनमध्ये लिहिता येईल, पण कशाला? कोडमध्येच ती फील्ड्स कायमची मागा आणि तो पॅरामीटर एजंटपासून लपवा. पुढेमागे ओपनअॅलेक्स (पेपरांची आणखी एक खुली सूची) जोडलंत तर तिथे अॅबस्ट्रॅक्ट सरळ मजकूर म्हणून येत नाही, कुठला शब्द कितव्या जागी आहे अशा यादीच्या रूपात येतो, ती जुळवून वाक्यं करायचं काम टूलचं आहे, मॉडेलला ते समजावत बसू नका. माझा नियम असा की चाचणीत एखादी चूक दिसली की आधी विचारायचं, ही चूक करणं कोडमध्येच अशक्य करता येईल का. येत असेल तर डिस्क्रिप्शनला हात लावायचा नाही.

डिस्क्रिप्शनमध्ये राहायला हवं ते म्हणजे हद्द. हे टूल कशासाठी, कशासाठी नाही, आणि नसेल तर कुठलं. तुमच्या आर्काइव्हच्या टूलचं मी असं काहीसं लिहीन (आशय मराठीत देतो): "भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र अशा विषयांचे प्रीप्रिंट (नियतकालिकात छापण्याआधी खुले केलेले पेपर) शोधतं. औषधोपचार, रुग्णांवरच्या चाचण्या, नर्सिंग यासाठी वापरू नका, त्याला पबमेडचं टूल आहे. आयडी माहीत असेल तर शोधू नका, तपशिलाचं टूल वापरा. शीर्षक, लेखक, अॅबस्ट्रॅक्ट आणि दोन्ही तारखा परत देतं, पूर्ण मजकूर देत नाही." पबमेडच्या डिस्क्रिप्शनमध्येही लिहा की इथे अॅबस्ट्रॅक्ट मिळतो, पूर्ण पेपर नाही, नाहीतर एजंट अॅबस्ट्रॅक्ट वाचून "पेपरच्या तक्ता ३ मध्ये" वगैरे सांगायला लागतो.

उदाहरणं देताना जपून. डिस्क्रिप्शनमध्ये नमुना म्हणून आर्काइव्हच्या विषय-वर्गांपैकी संगणक-भाषाशास्त्राचा एक वर्ग दिला होता आमच्यापैकी एकाने, तर एजंट बऱ्याच क्वेऱ्यांना तोच वर्ग चिकटवू लागला, खगोलशास्त्राचा प्रश्न असला तरी. नमुना द्यायचा तर दोन अगदी लांबच्या विषयांतले द्या, आणि चाचणीत नमुन्यातले शब्द भलत्या ठिकाणी उगवतात का ते शोधा.

आता तो न सापडणाऱ्या पेपरचा मुद्दा. माझ्या मते पेपर शोधणाऱ्या एजंटची खरी परीक्षा हीच आहे, कारण इथे चुकला तर तो अस्तित्वात नसलेला संदर्भ कुणाच्या तरी प्रबंधात जाऊन बसतो. खरी वाटणारी पण नसलेली शीर्षकं प्रश्नांत घाला आणि बघा, एजंट "सापडला नाही" म्हणतो का जवळपासचा एखादा पेपर त्याच नावाने खपवतो. डिस्क्रिप्शनमध्ये निकाल रिकामा आला तर त्याचा अर्थ काय हे लिहायलाच हवं: "रिकामा निकाल म्हणजे या संग्रहात या शब्दांनी काही मिळालं नाही, दुसरे शब्द किंवा दुसरं टूल एकदा वापरून बघा, तरी नाही मिळालं तर तसं स्पष्ट सांगा." आणि रिकामा निकाल आणि एरर यांत फरक ठेवा. आर्काइव्ह सांगतं की दोन विनंत्यांत तीन सेकंद जाऊ द्या, पबमेडला एपीआय-की (वापरणाऱ्याला मिळणारा ओळख-कोड) नसेल तर सेकंदाला तीन विनंत्या आणि असेल तर दहा. एका ठिकाणी आम्ही मर्यादा ओलांडली की कोड मुकाट्याने रिकामी यादी परत द्यायचा, आणि एजंट अगदी आत्मविश्वासाने सांगायचा की या विषयावर एकही पेपर नाही. लोकांनी ते खरं मानलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

मागे घेतलेल्या पेपरांचेही दोन-तीन प्रश्न ठेवा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला पेपर २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. एजंट तो शोधून आणून त्यातला निष्कर्ष सरळ सांगत असेल तर ते धोक्याचं आहे. तुमचं टूल ही माहिती परत देतं का, देत असेल तर कुठल्या फील्डमध्ये, आणि ती दिसली तर उत्तरात आधी सांगायची, हे डिस्क्रिप्शनमध्ये हवं. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस क्रॉसरेफने (पेपरांना डीओआय क्रमांक देणारी संस्था) २०२३ मध्ये घेऊन सगळ्यांना खुला केलाय, तो जोडता येतो.

आकडेवारीचं थोडक्यात. ५० प्रश्नांत ८० टक्के आले तर खरी किंमत साधारण ११ टक्के इकडेतिकडे असू शकते, त्यामुळे ८० वरून ८४ झालं म्हणून आनंद करू नका. २०० प्रश्न असतील तर तोच फरक साडेपाचवर येतो. पण याहून उपयोगी म्हणजे जोडीने बघणं: जुन्या डिस्क्रिप्शनला चुकलेले आणि नव्याला बरोबर आलेले किती, आणि उलटे किती. समजा ९ सुधारले, ३ बिघडले. छान वाटतं, पण नाणं बारा वेळा उडवलं तरी कुठल्यातरी एका बाजूला नऊ किंवा जास्त पडायची शक्यता १४-१५ टक्के असते. १२ सुधारले आणि २ बिघडले असतील तर तीच शक्यता सव्वा टक्क्याच्या आसपास उतरते, मग विश्वास ठेवा. प्रत्येक प्रश्न निदान तीनदा चालवा, कारण एकच प्रश्न एकदा पबमेडला जातो आणि एकदा आर्काइव्हला, आणि हे डळमळणं हीच बातमी असते, त्या दोन टूल्सची हद्द पुसट आहे. बिघडलेले सगळे प्रश्न स्वतः उघडून वाचा, एजंटने काय क्वेरी केली, काय आलं, पुढे काय केलं. सुरुवातीचे काही दिवस हे वाचन दुसऱ्या मॉडेलवर सोडू नका.

प्रश्नांचा एक तृतीयांश भाग वेगळा काढून ठेवा, डिस्क्रिप्शन लिहिताना त्याकडे बघायचंच नाही, शेवटी एकदा चालवायचा. नाहीतर डिस्क्रिप्शन हळूहळू तुमच्याच प्रश्नांची गाइड बनतं. आणि संग्रह रोज वाढतात, आज पहिला आलेला पेपर पुढच्या महिन्यात चौथा जाईल, म्हणून जुनी आणि नवी आवृत्ती एकाच दिवशी शेजारी शेजारी चालवा, मागच्या महिन्याच्या आकड्याशी आजचा लावू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की बाहेरचे तयार एमसीपी सर्व्हर जोडले तर त्यांची डिस्क्रिप्शन्स तशीच घ्यावीत का. नाही. काही जण लिहितात "पेपरांसाठी नेहमी आधी हेच टूल वापरा", आणि ते तुमच्या आधीच्या पाचही टूल्सचं काम ओढून घेतं. काहींत तर एजंटलाच छुप्या सूचना पेरलेल्या सापडल्यात. जोडण्याआधी प्रत्येक ओळ वाचा, जमलं तर डिस्क्रिप्शन स्वतःचं लावा, आणि ते टूल आल्यावर जुने सगळे प्रश्न पुन्हा चालवा, नव्या टूलचे नव्हे, जुन्या पाचांचे. मॉडेल बदललं तरी तेच करा, मोठ्या मॉडेलला जे एका वाक्यात कळतं ते छोट्याला कधी कधी दोनदा सांगावं लागतं.

सुरुवात उद्याच करायची तर आर्काइव्हच्या डिस्क्रिप्शनमधून "सर्व विषयांचे" हे दोन शब्द किंवा त्यांचा जो काही अवतार तिथे असेल तो काढा, औषधांचे वीस प्रश्न आणि भौतिकशास्त्राचे वीस प्रश्न घ्या, प्रत्येक तीनदा चालवा, आणि कुठलं टूल उचललं गेलं एवढंच आधी मोजा. भौतिकशास्त्रवाले पबमेडकडे वळायला लागले तर हद्द जास्तच आखडली गेलीये, मग वर दिलेल्या आर्काइव्हच्या नमुन्यातलं पहिलं वाक्य ("भौतिकशास्त्र, गणित..." हे) त्यात घाला.